लाल एटीव्हीचा मागचा गार्ड

जबाब
दिनांक ०५/०१/२०२६

माझे नाव भिकन रावजी अहिरे, वय ४७ वर्षे, धंदा वाहन दुरुस्ती, राहणार जेल रोड, नाशिक रोड, नाशिक.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन समक्ष जबाब देतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी सुवर्णा हिच्यासह राहण्यास असून त्र्यंबक रोडला, सातपूरच्या पुढे, माझं स्वतःचं गॅरेज आहे. गॅरेजमध्ये मी एकटाच काम करतो. माणूस ठेवला की त्याने केलेलं काम पुन्हा मलाच करावं लागतं, म्हणून ठेवत नाही. आयटीआय झाल्यावर मी ओझरला विमानाच्या कारखान्यात दोन वर्षे अ‍ॅप्रेंटिस होतो. तिथे पहिल्या दिवशी शिकवतात की जोडणी झाल्यावर टेबलावर एक वॉशर जरी उरला, तरी काम झालेलं नाही. हे मी माझ्या गिऱ्हाइकांना वीस वर्षे ऐकवत आलो आहे. याचा इथे काय संबंध असं साहेबांनी विचारलं. संबंध पुढे येतो, म्हणून लिहून घ्यावं अशी मी विनंती केली.

त्र्यंबक ते हरसूल रस्त्यावर, डोंगराच्या अंगाला, ‘डोंगरवाट’ नावाचं पर्यटकांचं पार्क आहे. त्याचे मालक शेखर वाळके, राहणार नाशिक. तिथे तंबू आहेत, दोरीवरून लोंबकळत दरी ओलांडण्याचा प्रकार आहे आणि मातीच्या ट्रॅकवर चालवायला एटीव्ही, म्हणजे चार जाड चाकांच्या मोटारसायकली आहेत. त्यांच्या गाड्यांची दुरुस्ती दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. वाळके बोलायला गोड माणूस आहे. त्यांनी मला कधी अहिरे म्हटलं नाही, भिकनशेठच म्हणतात.

दिनांक ०६/११/२०२५, गुरुवार रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास पार्कवरचा कामगार योगेश हा टेम्पोतून एक लाल रंगाची एटीव्ही घेऊन आला. ती वाळके यांनी लोणावळ्याकडून जुनी विकत घेतली होती. इंजिन चांगलं होतं. टायर अर्धे झिजलेले होते. मागच्या अंगाला कुठेतरी जोरात आपटल्याची खूण होती आणि मीटर बिघडलेला होता. गाडी जागेवर उभी असली की मीटर चाळीसचा वेग दाखवायचा आणि गाडी पळायला लागली की शून्य. अशा मीटरला आम्ही गॅरेजवाले पुढारी म्हणतो.

मी गाडी उचलून मागून पाहिली. वेग मोजणारा सेन्सर मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलजवळ असतो. त्या एक्सलवर आणि चेनवर पत्र्याचा एक गार्ड असतो. चालवणाऱ्याचा पाय, कपडा, काहीही फिरत्या एक्सलमध्ये जाऊ नये यासाठी तो असतो. या गाडीचा गार्ड आपटून आत वाकला होता आणि सेन्सरची वायर त्याला घासून तुटली होती. सगळा दोष तेवढाच होता.

मी वाळके यांना फोन करून सांगितलं की गार्ड काढून सरळ करावा लागेल, त्याच्या पट्टीला वेल्डिंग मारावं लागेल, सोमवार उजाडेल. वाळके म्हणाले, “भिकनशेठ, शनिवारी मुंबईची पार्टी येतेय. पोरं मीटरचा रील काढतात, त्याच्यावर आकडा पळताना दिसला पाहिजे. तुम्ही फक्त मीटर चालू करा, बाकीचं नंतर बघू.”

मी गार्ड काढला. नवीन सेन्सर बसवला, नवीन वायर ओढली. मीटर लगेच सुधारला. गार्ड परत लावून पाहिला तर तो नव्या वायरीवर दाबत होता. लावला असता तर आठ दिवसांत वायर पुन्हा तुटली असती आणि मीटर पुन्हा पुढारी झाला असता. मग गिऱ्हाईक म्हणतं, भिकनला मीटर जमत नाही. ०७/११ रोजी संध्याकाळी पाच वाजता टेम्पो दारात येऊन उभा राहिला. मी गार्ड रॅकवर ठेवला आणि गाडी गार्डशिवाय दिली. गार्ड दोन दिवसांत सरळ करून देतो, तोवर ही गाडी ट्रॅकवर सोडू नका, असं मी योगेशला सांगितलं.

नवी वायर टिकते की नाही हे पाहण्यासाठी मी पार्कवर निरोप दिला की महिनाभर रोज सकाळी मीटरचा फोटो काढून मला पाठवा. नव्या वायरिंगच्या बाबतीत माझी ही नेहमीची पद्धत आहे. हे काम तिथे कामाला असलेली तेजल कोंडाजी मौळे, वय १९, हिच्याकडे दिलं गेलं. ती पर्यटकांना हेल्मेट द्यायची, आणि रोज सकाळी पर्यटक येण्याआधी पाण्याचे जार मागच्या कॅरिअरला बांधून याच गाडीवरून वरच्या तंबूंकडे न्यायची. जाऊन येऊन ते अंतर साधारण पाच किलोमीटर भरतं.

०८/११ पासून तिचे फोटो येऊ लागले. रोज सव्वाआठच्या आसपास. पहिल्या दिवशी तिने खाली लिहिलं होतं, “काका, मीटर शहाणा झाला.” मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. नंतर रोजचंच झालं. तिचा फोटो आला की मी चहा टाकायचो. एका दिवशी मी उत्तर दिलं नाही, तर दुपारी तिचा मेसेज आला की गाडी बरी आहे, तुम्ही बरे आहात ना. मी तिला प्रत्यक्ष कधीही पाहिलेलं नाही. सर्व फोटो व मेसेज माझ्या मोबाइलमध्ये आहेत आणि तो मोबाइल मी तपासासाठी जमा करत आहे.

दिनांक ०३/१२/२०२५, बुधवार रोजी सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी तिचा फोटो आला. त्यात एकूण अंतराचा आकडा ३१८४ दिसतो. फोटोच्या कडेला हँडलवर ओढणीचं एक टोक आलेलं आहे, त्याला लोकरीचा छोटा गोंडा आहे. खाली तिने लिहिलं होतं, “काका आज थंडी लय हाय, गाडी पण उठंना.” मी चोक ओढ म्हणून लिहिलं. ते तिने वाचल्याची खूण आली.

त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास योगेश तीच गाडी टेम्पोतून घेऊन आला. एरवी तो आल्या आल्या “भिकनभाऊ, चहा” म्हणतो. त्या दिवशी तो टेम्पोतून खाली उतरला नाही. मीटर बंद पडलाय, शेठनी उद्यापर्यंत सांगितलंय, एवढं बोलून त्याने गाडी उतरवून घ्यायला लावली. गाडी धुतलेली होती. दोन वर्षांत त्यांच्याकडून एकही गाडी धुऊन आलेली नाही. चिखलाचे पोपडे काढण्यात माझा अर्धा दिवस जातो आणि मी त्यावरून त्यांना नेहमी बोलतो. ही गाडी वरून, खालून, सीटखालून धुतलेली होती. मला बरं वाटायला पाहिजे होतं, ते वाटलं नाही.

मीटर ३१८७ वर थांबला होता. मी तो आकडा नेहमीप्रमाणे कामाच्या चिठ्ठीवर तारखेसह लिहिला. चिठ्ठी जमा करत आहे.

गाडी उचलून पाहिली तर सेन्सरची वायर मुळातून उपटली गेली होती आणि एक्सलवर कापड गुंडाळलं गेलं होतं. बाहेरून पाणी मारून ते निघण्यासारखं नव्हतं. दोरीला पीळ भरावा तसं ते एक्सल आणि चेनच्या मध्ये आवळलं होतं. ब्लेडने कापून काढायला मला चाळीस मिनिटं लागली. ग्रीसने ते काळं झालं होतं, रंग ओळखू येत नव्हता. शेवटच्या वेढ्यात गोंडा निघाला. त्या कापडात आणखी जे होतं ते मी साहेबांना तोंडी सांगितलं आहे. तेजलची आई बाहेर बाकावर बसलेली आहे आणि हा कागद उद्या तिला कोणी वाचून दाखवेल, म्हणून ते इथे लिहून देत नाही.

मी तेजलच्या नंबरवर फोन लावला. बंद होता. मी तीन वेळा लावला. मग वाळके यांना लावला आणि गाडीत ओढणी सापडली असं सांगितलं. ते म्हणाले, “असेल कुठलंतरी कापड. तुम्ही मीटर बघा, चिंध्या कशाला बघताय? आणि भिकनशेठ, त्याच्यावरचा गार्ड कुठंय हो? तुमच्या रॅकवरच आहे ना?” मी हो म्हणालो. ते म्हणाले, “मग झालं तर.”

हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा गोड होता. मी कापड एका पिशवीत घालून रॅकवर, गार्डच्या मागे ठेवलं. त्या दिवशी घरी गेलो तेव्हा सुवर्णाने हात धुतले का म्हणून विचारलं, एवढं मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती की हरसूलकडची एक मुलगी कामावर पायी जाताना पायवाटेवरच्या कड्यावरून पडून मरण पावली. वाळके यांनी सगळीकडे असंच सांगितलं होतं की ती बुधवारी कामावर पोहोचलीच नाही आणि लाल गाडी दिवसभर शेडमधून निघालीच नाही. ती पोहोचली नाही तर सव्वाआठला शेडमधून मीटरचा फोटो कोणी काढला, आणि गाडी निघाली नाही तर ३१८४ चे ३१८७ कसे झाले, हे मी त्यांना विचारलं नाही. कोणालाच विचारलं नाही. तिथे प्रत्यक्ष काय घडलं ते मी पाहिलेलं नाही. गाडीत काय होतं तेवढंच मी सांगू शकतो.

०५/१२ रोजी मी मीटर दुरुस्त करून गाडी परत दिली. त्या वेळी मी वाळके यांना विचारलं की गार्ड आता लावून देऊ का. ते म्हणाले, “आता लावला तर लोक विचारतील आधी का नव्हता. राहू द्या.” मी राहू दिला. पाण्यात राहून माशाशी वैर नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मासा तेव्हा माझ्याच गळाला लागला होता की मी त्याच्या, हे मला कळत नव्हतं.

पिशवी रॅकवर होती. रोज सकाळी सव्वाआठला माझा हात मोबाइलकडे जायचा. त्या कापडाचं काय करायचं ते मला उमगत नव्हतं. कचऱ्यात टाकवेना. जाळायला हात होईना. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या अंगावरची वस्तू कोणी घरात ठेवत नाही, ती पाण्यात सोडतात. माझ्या वडिलांचा फेटा मी स्वतः रामकुंडात सोडला आहे.

दिनांक १२/१२/२०२५ रोजी तिचा दहावा दिवस होता. मी सकाळी नऊ वाजता पिशवी घेऊन रामकुंडावर गेलो. दहाव्याची बरीच माणसं होती. पायरीवर एका गुरुजींनी विचारलं, कोणाचं. मी मुलीचं म्हणालो. नातं काय, असं त्यांनी विचारलं. मी पुतणी म्हणालो. त्यांनी हातावर पाणी सोडायला लावलं, नाव विचारलं, ते मी सांगितलं. मग मी ओढणी पाण्यात सोडली. पाण्यात ती उलगडली आणि ग्रीस लागलं नव्हतं त्या मधल्या भागाचा रंग वर आला. मोरपंखी होता. तो रंग मी पहिल्यांदा तेव्हाच पाहिला. ती हाताच्या अंतरावर होती, मी धरू शकलो असतो. मी हात जोडलेले होते.

पुरावा नष्ट करण्याच्या हेतूने मी ओढणी सोडली काय, असं मला विचारल्यावरून सांगतो. त्या दिवशी मला वाटलं की मी धर्माचं काम करतोय. तिच्यासाठी कोणीतरी करायला पाहिजे होतं ते मी करतोय. रिकामी पिशवी घेऊन गॅरेजवर आलो तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणाचीच मला भीती वाटली. नुसतं धर्माचं काम करून माणसाला तसं वाटत नाही. म्हणून दोन्ही होतं असं लिहावं.

दिनांक २२/१२/२०२५, सोमवार रोजी दुपारी बाराच्या सुमारास एक बाई गॅरेजवर आली. तिने आपलं नाव फुलाबाई कोंडाजी मौळे सांगितलं. ती एसटीने आली होती आणि सातपूरपासून विचारत चालत आली होती. मी तिला स्टूल दिलं, ती खालीच बसली. तिच्याकडे तेजलचा फोटो होता, गावातल्या कुठल्या लग्नातला. तेजलला मी पाहिलं ते असं. गळ्यात तीच ओढणी होती.

फुलाबाई म्हणाली, “दादा, मी कुणाशी भांडाया नाय आले. योगेश बोलला, त्या दिशी लाल गाडी तुमच्याकडं आणली व्हती. मला निस्तं एवढंच सांगा, तिच्यात माझ्या पोरीची ओढणी व्हती का?”

मी विचारलं, का.

“पोर वड्यावर जायची तरी ओढणीबिगर नाय जायची. आणि मला दिली ती बिगर ओढणीची. दवाखान्यात इचारलं, ते म्हणले नव्हतीच. पार्कात इचारलं, ते म्हणले कड्यावर पडली असल. मी कड्याखाली तीनदा उतरले दादा. म्हटलं झुडपाला अडकली असल. नाय सापडली. मंग पोर कड्यावरनं पडली असं मी कसं म्हणू? ओढणी जिथं सापडल तिथं माझी पोर गेली.”

मी नाही म्हणालो. गाडीत काही नव्हतं, असं म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन ती म्हणाली, “ती तुमचं नाव घ्यायची. नासिकला एक काका हाय, रोज फोटो मागतो म्हणायची.” मग ती उठून गेली. रस्ता ओलांडून पलीकडे एसटीची वाट पाहत ती तासभर उभी होती. मी शटर अर्धं खाली ओढून आत बसलो होतो.

ती गेल्यावर मी रॅकवरचा गार्ड काढला. ऐरणीवर घेऊन सरळ केला, पट्टीला वेल्डिंग मारलं, वायरीसाठी खाच पाडली. या सगळ्याला वीस मिनिटं लागली.

इथे मी वर लिहून दिलेल्या एका गोष्टीत दुरुस्ती करू इच्छितो. गाडी ट्रॅकवर सोडू नका असं मी योगेशला सांगितलं, असं मी वर म्हटलं आहे. ते खरं नाही. मी कोणालाही काही सांगितलं नाही. टेम्पो दारात होता, मीटर चालू होता, मी खूश होतो. गार्डविषयी मला फक्त एका माणसाने विचारलं. दिनांक २०/११/२०२५ रोजी सकाळी फोटो पाठवल्यावर तेजलचा फोन आला. ती म्हणाली, “काका, मागं चाकाजवळ सगळं उघडं दिसतंय. दुसऱ्या गाड्यांना झाकण हाय. हिला असंच असतंय का?” मी तेव्हा एका स्कूटरच्या कामात होतो. मी म्हणालो, “असू दे, दोन दिवसांत लावून देतो. तू मीटर बघ.” फोन पस्तीस सेकंदांचा आहे, मोबाइलमध्ये त्याची नोंद आहे. ती बरं काका म्हणाली. ही गोष्ट मी सुवर्णालाही सांगितलेली नव्हती.

दिनांक ०३/०१/२०२६, शनिवार रोजी वाळके यांनी दुसऱ्या एका गाडीच्या ब्रेकसाठी मला पार्कवर बोलावलं. मी सरळ केलेला गार्ड पिशवीत घालून बरोबर नेला. मनात असं होतं की गुपचूप लावून टाकायचा, कोणी बघायच्या आत. वेळ सकाळी साडेआठची होती. शेडपाशी पोहोचलो तर लाल गाडीचं इंजिन चालू होतं. कॅरिअरला पाण्याचे जार बांधलेले होते आणि एक नवीन मुलगी सीटवर बसलेली होती. वय अठरा एकोणीस असेल. थंडी होती म्हणून तिने गळ्याभोवती ओढणीचे दोन वेढे घेतले होते आणि दोन्ही पदर पाठीमागे सोडले होते. ते पदर सीटच्या मागे, उघड्या एक्सलच्या वर हलत होते. तिने गिअर टाकला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. धावत जाऊन मी गाडीची किल्ली काढली. ती मुलगी इतकी घाबरली की रडायला लागली. ती म्हणाली, “मी काय केलं? मीटर तर चालू हाय.” मीटरची काळजी घे असं तिलाही सांगितलेलं होतं. मी तिला खाली उतरवलं आणि ओढणीची गाठ पोटाशी मारायला सांगितली. तिला ती जमेना म्हणून गाठ मीच मारली.

वाळके ऑफिसातून बाहेर आले. मी पिशवीतून गार्ड काढला आणि म्हणालो की हा लावल्याशिवाय मी इथून हलणार नाही. त्यांनी मला हाताला धरून बाजूला नेलं. म्हणाले, “भिकनशेठ, डोकं ठिकाणावर ठेवा. हा पत्रा तुमच्या हातात दिसला की पहिले आत तुम्ही जाल. मी तर गाडी मेकॅनिककडून आणली, मेकॅनिकने ठीक आहे म्हणून दिली. मला काय कळतंय गार्डबिर्ड?” गार्डचं मी त्यांना फोनवर सांगितलेलं होतं, पण गाडी मीच तशी दिली यात खोटं काही नव्हतं. मला तेच सगळ्यात जास्त लागलं.

मी गार्ड न लावता, पण गाडी पुन्हा निघू नये म्हणून किल्ली खिशात घालून तिथून निघालो. किल्ली व गार्ड जमा करत आहे. त्या दिवसापासून आजपर्यंत वाळके यांचे मला अकरा फोन आले, ते मी उचलले नाहीत. काल संध्याकाळी एक अनोळखी इसम माझ्या घरापाशी येऊन सुवर्णाला विचारून गेला की गॅरेजचा विमा काढलाय का. याबाबत माझी वेगळी तक्रार आहे.

काल दिनांक ०४/०१/२०२६, रविवार रोजी मी मोटारसायकलवरून हरसूलच्या पुढे फुलाबाईंच्या पाड्यावर गेलो. पोलिसांकडे येण्याआधी तिथे जाणं योग्य होतं की नव्हतं ते मला माहीत नाही. फुलाबाई अंगणात नागली पाखडत होत्या. त्यांचे पती कोंडाजी मौळे बाजूला बसलेले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. गाडीचं, गार्डचं, पस्तीस सेकंदांच्या फोनचं, ओढणी मी काढली त्याचं, आणि तुम्हाला नाही म्हणालो ते खोटं होतं त्याचं. कोंडाजी मधेच उठून घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. फुलाबाईंनी सूप खाली ठेवलं.

त्यांनी विचारलं की आता ओढणी कुठे आहे. मी म्हणालो की तिच्या दहाव्याला रामकुंडात सोडली. विधीप्रमाणे सोडली, नाव घेऊन सोडली, असंही म्हणालो. मला वाटलं होतं की त्या मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या म्हणाल्या, “मला दिली असती तर मीबी पाण्यातच सोडली असती. पण दादा, मी सोडली असती.”

त्यानंतर त्या घरात जाऊन लुगडं बदलून आल्या आणि म्हणाल्या, चला, कुठं सांगायचं ते सांगा. काल रविवारी उशीर झाल्याने आज त्या माझ्याबरोबर आल्या आहेत.

हा जबाब संगणकावर टंकलिखित करून मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. यातील फुलाबाईंचं बोलणं तपासाच्या दृष्टीने गरजेचं नाही, ते गाळून चालेल, असं साहेबांनी सुचवलं. ते गाळू नये असं मी सांगितल्यावरून तसंच ठेवण्यात आलं आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

समक्ष सही
भिकन रावजी अहिरे